नाव, समजूत आणि चकवा : मराठी आत्मपर गद्यातील अस्सलतेचा प्रश्न

१

आत्मपर लेखनाविषयी बोलताना मराठी समीक्षेत 'प्रामाणिकपणा', 'आत्मनिष्ठा', 'अस्सलता' हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्यांच्यातील भेद मात्र किरकोळ नाही. बा. सी. मर्ढेकरांनी 'वाङ्मयीन महात्मता' (१९४१) या पुस्तकात आत्मनिष्ठेला कसोटीचे स्थान दिले, तेव्हा त्यांच्यासमोर लेखक आणि त्याचा अनुभव यांच्यातील नाते होते. लेखक आपल्या अनुभवाशी इमान राखतो की उसन्या भावनांवर गुजराण करतो, असा तो प्रश्न होता. लायोनेल ट्रिलिंग यांनी १९७२ साली प्रामाणिकपणा आणि अस्सलता या दोन कल्पनांचा इतिहास मांडला, तेव्हा प्रश्नाचे स्वरूप पालटले होते. प्रामाणिक माणूस मनात असते तेच बोलतो. परंतु मनात जे आहे तेच जर समाजाने तेथे आणून ठेवलेले असेल, तर प्रामाणिकपणे बोलूनही तो स्वतःचे असे काहीच बोलत नाही. अस्सलतेची मागणी या ठिकाणी सुरू होते आणि ती प्रामाणिकपणाच्या मागणीहून कठोर असते.

गेल्या काही दशकांत या प्रश्नाला एक तिसरी परिभाषा येऊन मिळाली आहे. ती मानसोपचाराची परिभाषा होय. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून विकसित केलेल्या आणि महाराष्ट्रात डॉ. कि. मो. फडके यांनी 'विवेकनिष्ठ मानसोपचारशास्त्र' या नावाने रुजविलेल्या पद्धतीचे मुख्य सूत्र असे की, प्रसंग आणि त्यातून उद्भवणारी भावना यांच्यामध्ये एक समजूत उभी असते. माणसाला अस्वस्थ करते ती बहुतांशी ही समजूत. ती अविवेकी असेल तर तिच्याशी वाद घालावा, ती बदलावी, म्हणजे भावनाही बदलते. या विचाराचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. भाग्य, कर्म, पूर्वसंचित यांच्या नावाने सोसणे हाच ज्या समाजात सद्गुण मानला गेला, तेथे 'तुझी समजूत तपासून पाहा' असे सांगणे हीसुद्धा लहानशी क्रांतीच असते. परंतु या सूत्राची लोकप्रिय आवृत्ती जेव्हा आत्मचरित्रे वाचण्याचे साधन बनते, आणि प्रत्येक आत्मकथन म्हणजे 'न्यूनगंडावर मात करून स्वतःला गवसलेल्या व्यक्तीची कहाणी' असे ठरविले जाते, तेव्हा समीक्षेने थांबून विचार करावयास हवा. समजूत कोणाच्या मनात आहे? ती बदलल्याने नेमके कोणाचे जगणे बदलते? ज्या 'स्व'कडे परतावयाचे तो आधीपासून कोठेतरी शाबूत आहे, असे आपण कशाच्या आधारावर धरून चालतो?

प्रस्तुत लेखात या प्रश्नांच्या प्रकाशात तीन संहितांचा विचार केला आहे : लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' आणि व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा'. या तिघांना एकत्र आणणे वरकरणी विक्षिप्त वाटेल. एक ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण स्त्रीचे आत्मचरित्र, दुसरे नागपूरच्या दलित विदुषीचे आत्मपर लेखन, तर तिसरे अरण्यातील मुक्कामाचे वृत्त. तथापि मळलेल्या समजुती टाकून अधिक खरे जगणे ही या तिन्ही संहितांची आंतरिक प्रेरणा आहे. शिवाय तिसऱ्या संहितेच्या सीमेवर चोरखमारा नावाचे एक गाव उभे आहे. त्या गावाच्या बाजूने पाहिले असता पहिल्या दोन संहितांचा अर्थही वेगळा दिसू लागतो, असे मला वाटते.

२

'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. त्याच्या आरंभीच समजुतीच्या उगमाची एक विलक्षण कथा येते. १८५७ च्या धामधुमीत घरातील एका वडीलधाऱ्या पुरुषाला फाशी होते आणि या घटनेनंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागते. पुढे साऱ्या घराचे जगणे या वेडाभोवती फिरू लागते. आजच्या मानसशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर भय, शोक आणि मानहानी यांना वाट न मिळाल्याने त्यांनी विटाळाच्या कल्पनेचे रूप घेतले. लक्ष्मीबाई मात्र असे कोणतेही विश्लेषण करीत नाहीत. त्या ते वेड सांगतात, त्यातला विनोद सांगतात, आणि या विनोदातून त्याचे क्रौर्य आपोआप उघडे पडते.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हे सोवळे लक्ष्मीबाईंना केवळ सोसावे लागले असे नाही. ते त्यांचे स्वतःचे झाले होते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, त्या आपली चूल आणि आपला आचार वेगळा राखूनच. येथे समजूत ही बेडी आहे तशीच ती आधारही आहे. पतीने सारे सोडले, माहेर दुरावले, समाजात स्थान उरले नाही. अशा वेळी सोवळे हीच त्यांच्या ओळखीची शेवटची भिंत होती. जी समजूत माणसाला मर्यादित करते तीच अनेकदा त्याला कोसळण्यापासून वाचवते, हे सत्य उपचाराच्या घाईत निसटते. 'स्मृतिचित्रे'त ते निसटत नाही.

ती भिंत अखेर पडते ती कोणाच्या उपदेशाने नव्हे. टिळकांसारखा प्रतिभावान आणि आग्रही मनुष्य घरात असूनही हे मतांतर त्यांनी घडविलेले नाही. भेद देवाने केले की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाई स्वतःच स्वतःला घालतात आणि त्याचे उत्तर मिळताच त्यानुसार वागू लागतात. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु वाङ्मयीन दृष्ट्या त्यांचे खरे धर्मांतर त्याआधीच, या प्रश्नाच्या क्षणी, झालेले असते. विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा सिद्धान्त येथे जवळजवळ तंतोतंत लागू पडतो : प्रसंग तोच, माणसे तीच, समजूत मात्र बदलली आणि तिच्यासह भयही गेले.

तो इतका नेमका का लागू पडतो, हा प्रश्न विचारला पाहिजे. याचे उत्तर असे की, लक्ष्मीबाईंची समजूत ही वरून खाली पाहणाऱ्याची समजूत होती. विटाळ मानणे त्यांच्या हाती होते, म्हणून तो न मानणेही त्यांच्या हाती होते. त्यासाठी त्यांना मोल द्यावे लागले, एकाकी व्हावे लागले, हे खरेच. परंतु ज्या दिवशी त्यांनी दुसऱ्याच्या हातचे पाणी घेतले त्या दिवशी ते पाणी देणाऱ्याच्या संमतीची अडचण नव्हती. दार त्यांच्या बाजूनेच बंद होते, त्यामुळे ते त्यांना उघडता आले.

३

कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट'मधील (१९८१) संस्कृतच्या अध्ययनाची कथा वाचताना दाराची ही दिशा उलटते. नागपुरात महार कुटुंबात जन्मलेल्या मुलीला वेदमंत्रांचा ध्वनी ऐकून त्या भाषेची ओढ लागते. जी भाषा आपल्यासाठी नाही असे शतकानुशतके बजावण्यात आले, तीच ती शिकते, तिच्यात एम. ए. होते, प्रावीण्य मिळवते. सोवळेओवळे पाळणारे गोखले गुरुजी तिला भेदभाव न करता शिकवितात, तर आधुनिक विद्यापीठीय वातावरणातील सुशिक्षित माणसांच्या नजरेत आश्चर्य आणि उपरोध असतो. या चित्रणातील व्यामिश्रता महत्त्वाची आहे. परंपरा म्हणजे अंधार आणि आधुनिकता म्हणजे उजेड ही सोयीची वाटणी लेखिकेचा अनुभव मोडून टाकतो.

या कथेचा शेवट तिच्या लोकप्रिय वाचनाला सर्वाधिक अडचणीचा आहे. स्वतःच्या मनातील भीती जिंकली, अध्ययन पूर्ण झाले, गुणवत्ता सिद्ध झाली. तरीही नोकरी मिळत नाही. पुढे मोतीराम पावडे यांच्याशी आंतरजातीय विवाह होतो. सोमकुवर हे आडनाव जाऊन पावडे हे आडनाव येते आणि विवाहानंतर काही काळातच महाविद्यालयात संस्कृत शिकविण्याची संधी चालून येते. पदवी तीच, ज्ञान तेच, व्यक्तीही तीच. बदलले ते आडनाव, आणि त्याबरोबर त्या आडनावातून वाचली जाणारी जात. या यशाचे श्रेय सोमकुवर असलेल्या कुमुदला जात नाही, ही सल लेखिका झाकून ठेवीत नाही. तिचे लेखन तेथेच येऊन थांबते.

फिलिप लजन या फ्रेंच अभ्यासकाने १९७५ साली 'आत्मचरित्रात्मक करारा'ची कल्पना मांडली. लेखक, निवेदक आणि नायक यांचे नाव एकच आहे, या हमीवर आत्मचरित्र उभे असते, असे त्याचे प्रतिपादन होते. मुखपृष्ठावरील नाव ही वाचकाला दिलेली सही असते. 'अंतःस्फोट'च्या मुखपृष्ठावर 'कुमुद पावडे' हे नाव आहे. परंतु ज्या मुलीच्या जिद्दीची कथा आत सांगितली जाते तिचे नाव 'कुमुद सोमकुवर' होते. विवाहाने स्त्रीचे नाव बदलणे ही आपल्याकडे सर्वसामान्य गोष्ट आहे. माहेरची मनू गोखले लक्ष्मी टिळक झाली तेव्हा 'स्मृतिचित्रे'च्या करारात कोठे तडा गेला नाही, कारण दोन्ही नावे एकाच सामाजिक पायरीवर होती. कुमुद पावडे यांच्या बाबतीत नाव बदलणे म्हणजे पायरी बदलणे होते. म्हणून येथे लजनचा करार पाळला जात असतानाच भंगतो. सही करणारी आणि जिच्या वतीने सही होते ती, या दोघींमध्ये समाजाने एक दरी खणून ठेवलेली आहे. ही दरी बुजविण्याचा प्रयत्न न करता ती वाचकाच्या पुढ्यात ठेवणे, हेच या लेखनाचे अस्सलपण होय.

येथे 'मर्यादा घालणारी समजूत' या शब्दप्रयोगाची मर्यादा स्पष्ट होते. 'तू संस्कृत शिकू शकत नाहीस' ही समजूत कुमुदच्या मनात असती तर ती काढून टाकता आली असती, आणि तेथे जी होती ती तिने खरोखरच काढून टाकली. परंतु तीच समजूत मुलाखत घेणाऱ्यांच्या मनात, अर्जातील आडनावाच्या रकान्यात आणि 'हिने संस्कृत शिकवायचे?' या न बोललेल्या प्रश्नात वस्तीला होती. त्या समजुतीशी वाद घालण्याचा अधिकार कुमुदला नव्हता. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ मध्ये याच नागपुरात घडविलेल्या धर्मांतराचा गाभाही असाच आहे. मनातील हीनत्व झटकून टाकणे आवश्यक आहे, पण ते झटकण्यासाठी एकट्याचा निश्चय अपुरा पडतो. नवी ओळख सामुदायिकपणे धारण करावी लागते. व्यक्तीची समजूत आणि समाजाची व्यवस्था यांपैकी एकच बदलली तर माणूस अर्धा मोकळा होतो. 'अंतःस्फोट' हे या अर्ध्या मोकळेपणाचे चित्र आहे, आणि त्याला संपूर्ण विजयाची कथा म्हणून वाचणे हा त्याच्यावर अन्यायच ठरतो.

४

व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' हे या दोन्हींहून अगदी निराळ्या प्रकृतीचे पुस्तक. 'बनगरवाडी' (१९५५) लिहून मान्यता पावलेला, आयुष्याचा मोठा काळ आकाशवाणीच्या सेवेत घालविलेला, एकेकाळी शिकारीचा शौक बाळगणारा लेखक एका अरण्यात मुक्कामाला जातो आणि जे दिसते ते टिपतो. नागझिरा अभयारण्याची घोषणा १९७० मध्ये झाली. ते तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प अस्तित्वात आला. माडगूळकरांचे नागझिरा या फलकांच्या आधीचे आहे.

या पुस्तकाला आत्मचरित्र म्हणता येणार नाही. यात लेखक स्वतःविषयी फार कमी बोलतो. परंतु हीच त्याची आत्मपरता आहे, असे म्हणावेसे वाटते. प्रतिष्ठित लेखक, शहरी नोकरदार, कथेची जुळवणी करणारा कसबी कारागीर, ही सारी आवरणे येथे बाजूला ठेवलेली आहेत. पाणवठ्याजवळ बसून पाहणारा एक माणूस तेवढा उरतो. शिकाऱ्याची दृष्टी जनावराचा शेवट शोधत असते; येथील दृष्टी जनावराचा दिवस कसा जातो हे शोधते. पुढे 'सत्तांतर'मध्ये (साहित्य अकादमी पुरस्कार, १९८३) वानरांच्या टोळ्यांचे जे निर्मम चित्रण येते, त्यामागे ही पाहण्याची शिस्त आहे. तेव्हा 'स्व'कडे जाण्याचा माडगूळकरांचा मार्ग 'स्व'ला गप्प करण्याचा आहे. लक्ष्मीबाईंनी प्रश्न विचारला, कुमुद पावडे यांनी सल सांगितली, माडगूळकरांनी मौन धरले.

हे मौन मोलाचे आहे. पण ते कोणाला परवडते, हेही पाहिले पाहिजे. अरण्यात जाऊन आपली ओळख उतरवून ठेवता येते ती ज्याची ओळख परतीच्या वाटेवर सुखरूप वाट पाहत असते त्याला. माडगूळकरांच्या नावाला कोठेही आव्हान नाही, म्हणूनच त्यांना ते विसरता येते. कुमुद सोमकुवर यांना आपले नाव विसरणे शक्य नव्हते, कारण जग ते विसरू देत नव्हते. नावाचे विस्मरण हाही एक विशेषाधिकार आहे, हे या दोन संहिता शेजारी ठेवल्याशिवाय लक्षात येत नाही.

आणि येथे चोरखमारा येते. तिरोडा तालुक्यातील हे गाव आज नागझिऱ्याच्या प्रवेशद्वारांपैकी एक म्हणून पर्यटकांना परिचित आहे. गावालगत ब्रिटिश अमदानीत बांधलेला मोठा तलाव आहे. भंडारा-गोंदियाचा हा सारा टापू तलावांचा, धानशेतीचा, मोहाच्या फुलांचा आणि तेंदूपानांचा. शहरातून आलेल्या माणसाला चोरखमाऱ्याचे फाटक ओलांडले की 'आत' गेल्यासारखे वाटते : कोलाहलाच्या आत, शांततेच्या आत, स्वतःच्या आत. परंतु ज्याचे घर त्या फाटकाशी आहे त्याच्या दृष्टीने हेच फाटक 'बाहेर'चे असते. ज्या रानात त्याच्या आधीच्या पिढ्यांनी मोह वेचला, त्यात शिरण्यासाठी त्याला आता परवानगीचा प्रश्न पडतो. वन्यजीवांचे रक्षण व्हावयास हवे, याविषयी दुमत नाही, आणि नागझिरा टिकले ते या रक्षणामुळेच. मुद्दा वाङ्मयीन आहे. अरण्य हे एकाच्या अस्सलतेचे तीर्थ होते तेव्हा ते दुसऱ्याच्या चरितार्थाचे ठिकाण असतेच; आणि आत्मशोधाचे साहित्य या दुसऱ्याला बहुधा वाटाड्या म्हणून ओळखते, निवेदक म्हणून नाही.

मारुती चितमपल्ली यांचे लेखन या बाबतीत वेगळे ठरते. १९३२ साली सोलापुरात जन्मलेल्या आणि १८ जून २०२५ रोजी तेथेच निधन पावलेल्या या लेखकाने वनखात्यात छत्तीस वर्षे काढली, त्यांपैकी महत्त्वाची वर्षे याच परिसरात, नवेगावबांधला. त्यांच्या लेखनात नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार हे नाव-आडनावासह, ज्ञानी माणूस म्हणून येतात. लेखक त्यांचा श्रोता होतो. 'शब्दांचं धन'सारख्या पुस्तकाचे नावच सांगते की लेखकाला रानाकडून आणि रानातल्या माणसांकडून जे मिळाले ते शब्दांच्या रूपात मिळाले. अरण्यात जाऊन स्वतःचे मौन ऐकणे आणि अरण्यात राहून दुसऱ्याची भाषा शिकणे, या दोन वेगवेगळ्या आत्मनिष्ठा आहेत. दुसरीत 'स्व' विरघळत नाही, तो विस्तारतो. अर्थात येथेही लेखणी वनाधिकाऱ्याच्याच हाती आहे, ही मर्यादा उरतेच.

५

चोरखमाऱ्याच्या माणसाची मर्यादा घालणारी समजूत कोणती, असे विचारले तर तिचे एक उत्तर भाषेत सापडते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वभाग या झाडीपट्टीत मराठीचे जे रूप बोलले जाते त्याला झाडीबोली म्हणतात. तिरोडा-गोंदिया भागात तिच्या जोडीला पोवारी, गोंडी आणि हिंदी यांचा वावर आहे. झाडीबोलीत 'ण' नाही, 'पाणी'चे 'पानी' होते. एवढ्या एका वर्णावरून या भागातील पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना आपले बोलणे 'अशुद्ध' आहे असे शिकविले गेले. शाळेत प्रमाण मराठीतील धडा वाचताना अडखळणारे मूल केवळ एक उच्चार चुकत नसते. आईचे बोलणे चूक आहे, ही समजूत ते आत घेत असते. पुढे हाच विद्यार्थी साहित्याचा अभ्यासक झाला तर सेमिनारमध्ये तो बोलण्याआधी मनात वाक्य दुरुस्त करून घेतो. सार्त्रने १९४३ मध्ये ज्या आत्मवंचनेचे वर्णन केले, तिचे आपल्याकडील सर्वांत सार्वत्रिक रूप कदाचित हेच असेल : स्वतःच्या तोंडून दुसऱ्याच्या आवाजात बोलणे आणि तो आपलाच आवाज आहे असे मानणे.

येथे लक्ष्मीबाई, कुमुद पावडे आणि झाडीपट्टीतील हा विद्यार्थी एका रेषेवर येतात. लक्ष्मीबाईंचे गद्य इतके जिवंत का, याचे कारण त्यांनी ग्रांथिक मराठीला शरण न जाता आपल्या बोलण्याची चाल लेखनात आणली. कुमुद पावडे यांनी जी भाषा नाकारली गेली तीच हट्टाने मिळविली. झाडीबोलीच्या चळवळीने, साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांच्या पुढाकाराने, जी भाषा होती तिलाच अभ्यासाचा आणि निर्मितीचा विषय बनविले. नाकारलेली भाषा मिळविणे आणि हिणविलेली भाषा मिरविणे, या दोन कृती परस्परविरोधी वाटल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे : कोणती भाषा कोणाची, हे ठरविण्याचा अधिकार दुसऱ्याकडून परत घेणे. म्हणून अस्सलतेची व्याख्या 'मुळाकडे परतणे' अशी करणाऱ्यांनी सावध असावे. कुमुद पावडे यांना 'तुमच्या मुळाकडे परता' असे सांगणे म्हणजे त्यांना संस्कृतपासून दूर ठेवणाऱ्यांचीच री ओढणे होईल. आणि झाडीपट्टीतील मुलाला 'प्रमाण भाषेत प्रगती करा' एवढेच सांगणे म्हणजे त्याच्या आईला पुन्हा गप्प बसविणे होईल. अस्सलता ही दिशा नाही, तो निवडीचा अधिकार आहे.

देशीवादाच्या चर्चेतही हा मुद्दा अनुत्तरित राहतो. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'चा (१९६३) नायक पांडुरंग सांगवीकर शहरातील शिक्षणाचा पोकळपणा अनुभवून गावी परततो. हा परतीचा प्रवास मराठी कादंबरीतील अस्सलतेचा एक नमुना ठरला. पण परतण्यासाठी गावात त्याची जमीन असते, वाडा असतो, नाव असते. कुमुद सोमकुवर कोठे परतणार होती? ज्या गावात आपल्याला शिवेबाहेर ठेवले जाते तेथे परतणे ही आत्मप्राप्ती ठरू शकत नाही. याच कारणाने दया पवारांच्या 'बलुतं'पासून (१९७८) पुढे आलेल्या दलित आत्मकथनांत गाव हे हरवलेले सुख म्हणून क्वचितच येते.

६

झाडीपट्टीतच नव्हे तर मराठी मुलुखात सर्वत्र 'चकवा' ही लोकसमजूत आढळते. रात्री रानात किंवा माळावर चालणाऱ्याला चकवा लागला की तो रात्रभर चालतो आणि पहाटे पाहतो तो जेथून निघाला तेथेच उभा असतो. चितमपल्लींनी आपल्या आत्मचरित्राला 'चकवाचांदण' हे नाव दिले, हे केवळ काव्यमय म्हणून सोडून देण्याजोगे नाही. चकव्यातील माणूस आंधळा नसतो, आळशी नसतो; तो चालत असतो, कष्ट करीत असतो, त्याची श्रद्धा असते की आपण पुढे जात आहोत. मर्यादा घालणाऱ्या समजुतीचे याहून नेमके वर्णन कोणत्याही मानसशास्त्राने केले असेल असे वाटत नाही.

या कल्पनेचा उपयोग करून आपल्या तीन संहितांचा हिशेब मांडता येईल. लक्ष्मीबाईंचा चकवा त्यांच्या मनात होता. त्या थांबल्या, त्यांनी विचार केला आणि वाट दिसली. माडगूळकरांनी वाट शोधणेच सोडून दिले आणि जेथे होते तेथे बसून पाहिले. हाही चकव्यावरचा एक जुना उपाय आहे, उजाडेपर्यंत हलू नये असे जाणती माणसे सांगतात. कुमुद पावडे यांचा चकवा मात्र वाटेतच बांधलेला होता. त्या सरळ चालल्या, न चुकता चालल्या, तरी जेथे पोहोचल्या तेथे त्यांच्या जागी दुसऱ्याच नावाची पाटी होती. वाटच वाकडी घातलेली असेल तर चालणाऱ्याच्या मनाची शुद्धी करून भागत नाही, वाट सरळ करावी लागते.

आत्मपर लेखनाच्या अभ्यासकांसाठी यातून एक कार्यपद्धती निघते असे वाटते. आत्मकथन हाती घेताना 'लेखकाने कशावर मात केली' हा प्रश्न पहिला नसावा. त्याआधी तीन प्रश्न विचारावेत. ज्या समजुतीशी झगडा चालला आहे ती कोणाच्या ताब्यात आहे? लेखकाचे नाव या झगड्यात त्याच्या बाजूने उभे आहे की विरुद्ध? आणि या कथेच्या काठावर उभा असलेला, बोलू न दिलेला माणूस कोण? पहिला प्रश्न मानसशास्त्राला समाजशास्त्राशी जोडतो. दुसरा आत्मचरित्राच्या रूपतत्त्वाला जातिव्यवस्थेशी जोडतो. तिसरा आपल्याला चोरखमाऱ्याच्या फाटकाशी आणून उभा करतो.

या प्रश्नांनी आत्मकथनांचे मोल उणावते, असा आक्षेप घेतला जाईल. व्यक्तीच्या धडपडीला व्यवस्थेच्या हिशेबात विरघळवून टाकण्याचा धोका त्यात आहेच. केवळ व्यवस्थेकडे बोट दाखविणारी समीक्षा लक्ष्मीबाईंचा तो एकाकी प्रश्न किंवा संस्कृत ऐकून मोहरलेल्या मुलीची ओढ समजू शकणार नाही. माणूस व्यवस्थेच्या आत राहूनच बदलतो आणि तो बदल खराही असतो. परंतु त्या बदलाचे मोल वाढते ते त्याची किंमत काय होती आणि ती कोणी चुकविली हे कळल्यावर. कुमुद पावडे यांच्या लेखनातील सल काढून टाकली तर उरेल ती एक प्रेरक गोष्ट, आणि प्रेरक गोष्टींची आपल्याकडे वाण नाही. ती सल तशीच राहू दिली तर वाचकाला स्वतःला विचारावे लागते : माझ्या मनातल्या कोणत्या समजुतीमुळे कोणाला तरी आपले नाव बदलावे लागले? आत्मपर साहित्य वाचणाऱ्याने लेखकाच्या मुक्तीचा आनंद जरूर घ्यावा. पण वाचकाची मुक्ती या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होते. झाडीपट्टीतील एखादी विद्यार्थिनी उद्या आपले आत्मकथन लिहील, 'ण' न वापरता लिहील, आणि आपण ते हाती घेऊ, तेव्हा लेखणीने 'पानी'चे 'पाणी' करण्याचा आपला हात क्षणभर थांबला, तर या चर्चेचे काही फलित झाले असे मानता येईल.